न कालवलेलं मीठ

१

प्रयोगशाळेत यंत्राच्या दाबाखाली काँक्रीटचा ठोकळा मधोमध उकलला आणि आतली सळई उघडी पडली.

सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक गंजलेली होती.

"चुकून साध्या सळईचा ठोकळा लागला वाटतं," निहारिका पागे म्हणाली.

विभागप्रमुख सुमन मॅडमनी चष्मा सावरून ठोकळ्यावर रंगवलेलं अक्षर वाचलं. "'प्र' लिहिलंय. प्रक्रिया केलेला. तुझाच आहे, निहारिका."

मग साध्या सळईचा ठोकळा फोडला. तिलाही गंज लागला होता, काळपट-हिरवट डाग पडले होते. पण शेजारच्या लाल सळईपुढे ती बरीच बरी दिसत होती.

"मॅडम, ये तो उल्टा हो गया," ठेकेदाराचा इंजिनियर विक्रांत हळूच म्हणाला.

उज्जैनच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात निहारिका पीएच.डी. करत होती. काँक्रीटमधलं लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की भोवतालचं काँक्रीट फोडतं. ते गंजणं लांबवायचं, हा तिचा विषय. सळई आधी आम्लाने स्वच्छ करायची, मग जस्त आणि फॉस्फेटच्या गरम द्रावणात बुडवायची. लोखंडाच्या अंगावर बारीक स्फटिकांचा राखाडी थर धरतो. त्यावर सिमेंट आणि पॉलिमरचा पातळ लेप. अशा तीन सळया तिने काँक्रीटच्या तीन ठोकळ्यांत घातल्या होत्या, तीन साध्या सळयांचे ठोकळे शेजारी, आणि सगळे वर्षभर मिठाच्या पाण्यात. मिठाने गंजाला घाई होते, म्हणून निकाल लवकर कळतो.

या निकालाची वाट बरेच जण बघत होते. येत्या सिंहस्थासाठी क्षिप्रेला मिळणाऱ्या एका नाल्यावर पायी जाणाऱ्यांचा पूल व्हायचा होता. आज पाणी, उद्या ऊन, अशी जागा. पुलाची समिती निहारिकाच्या सळया वापरायला जवळजवळ तयार झाली होती.

सुमन मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "वर्षभर तू गंज मोजायचा मीटर लावून जी मोजमापं दिलीस, ती सांगत होती की सळई ठणठणीत आहे. मग एक तर मीटर खोटा, नाहीतर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तशी गरजही नव्हती.

"उरलेले दोन फोडू या का?" निहारिकाने विचारलं.

"कशाला? सोमवारी समितीला कळवायचंय. मी आहे तेच कळवणार."

निहारिका जिन्यात येऊन बसली. तिने अलकाआत्याला फोन लावला.

"आत्या, कुणीतरी माझे ठोकळे बदललेत," ती म्हणाली. "बदलले नसतील, तर मग मी खोटारडी आहे. तिसरं काही असूच शकत नाही."

२

अलका पागे ही निहारिकाच्या वडिलांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने गुन्ह्यांच्या तपासासाठी असलेल्या सरकारी प्रयोगशाळेत काढली होती: जळलेल्या वायरी, फुटलेल्या काचा, कोसळलेल्या छपरांचे तुकडे. निवृत्तीनंतर ती उज्जैनला परतली. भाऊ गेल्यापासून निहारिकाचं सगळं तीच बघे.

ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा निहारिका तिला संशयितांची नावं सांगायला लागली.

"थांब. माणसं नंतर," आत्या म्हणाली. "माणसं बोलताना विचार करतात. दगड नाही करत. आधी त्याला विचारू."

तिने पर्समधून भिंग काढलं आणि फुटलेले दोन्ही ठोकळे खिडकीपाशी नेले.

"फोडतानाचा व्हिडिओ आहे?"

होता. निहारिकाने फोन पुढे केला. आत्याने तो दोनदा पाहिला. मग साध्या सळईकडे बोट दाखवलं.

"व्हिडिओत हिचे डाग कुठल्या रंगाचे आहेत?"

"काळे. थोडे हिरवट."

"आणि आता?"

निहारिका वाकून पाहत राहिली. हिरवट झाक गेली होती. डाग तपकिरी झाले होते, कडेला तांबूस.

"काँक्रीटच्या पोटात हवा फार थोडी पोचते," आत्या म्हणाली. "तिथला गंज काळा-हिरवाच असतो. बाहेर काढला, हवा लागली, की मग लाल पडतो. ही साधी सळई अगदी नियमाप्रमाणे वागतेय. आता तुझी 'प्र'वाली बघ. ठोकळा उकलला त्याच क्षणी ती लाल होती. मोकळ्या अंगणात गंजलेल्या सळईसारखी."

"म्हणजे..."

"अजून एक. इतका गंज आत धरला असता, तर सळई फुगली असती आणि ठोकळ्याला तडा गेला असता. तडा आहे?"

"एक पण नाही."

"आणि तुझा लेप? तो सुटला म्हणू या. सुटून जाणार कुठे? काँक्रीटमध्ये जी पन्हळ उरलीय तिच्यात त्याचे पापुद्रे चिकटून असायला हवे होते." आत्याने भिंग तिच्या हातात दिलं. पन्हळ स्वच्छ होती.

निहारिकाला एकदम रडू फुटलं. सकाळपासून तिने ते दाबून धरलं होतं.

"रड खुशाल," आत्या म्हणाली, "पण ऐकत रड. हा गंज या ठोकळ्यात जन्मलेलाच नाही. गंजलेली सळई आणून तिच्याभोवती हा ठोकळा घातलाय. आता फक्त एकच विचारायचं: कधी?"

३

त्यासाठी आत्याने सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण मागवलं. निहारिकाने ते फवाऱ्याच्या बाटलीत भरून दिलं.

"मीठ जिथवर शिरलं असेल तिथे पांढरं होईल," आत्या म्हणाली, "बाकी तपकिरी."

साध्या सळईच्या ठोकळ्यावर फवारा पडला. कडेपासून थेट सळईपर्यंत सगळं पांढरं झालं. वर्षभर पाण्यात राहिलेला ठोकळा. दुसरं काही होणारच नव्हतं.

'प्र'च्या ठोकळ्यावर फवारा पडला. कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढी पांढरी रेघ उमटली. आत सगळं तपकिरी.

"महिनाभर, फार तर थोडं जास्त," आत्या म्हणाली. "त्याहून जास्त काळ हा पाण्यात नव्हता."

महिन्यापूर्वी दिवाळीची सुट्टी होती. त्याच सुमारास मीटरही दुरुस्तीला इंदूरला गेला होता, म्हणून त्यानंतरची मोजमापं नव्हती.

आत्या मात्र अजून तपकिरी डागाकडेच बघत होती.

"काय झालं?"

"काहीतरी विचित्र आहे. मला असा खोटा ठोकळा करायचा असता ना, तर काँक्रीट मळतानाच मी पाण्यात मीठ कालवलं असतं. मग फवारा मारून पण कुणाला पत्ता लागला नसता. ज्याने हे केलं त्याला इतकी अक्कल नक्की आहे. तरी त्याने मीठ घातलं नाही."

"का?"

"ते कळलं की माणूस कळेल."

मग तिने चुऱ्यात बोटं फिरवली आणि एक छोटासा, चिंचोक्याहून थोडा मोठा सिमेंटचा चौकोन उचलला. त्यातून बारीक तारेची दोन टोकं बाहेर आली होती.

"हे तुम्ही लॅबमध्ये घालता?"

"नाही तर. आमच्या साच्याच्या दोन्ही बाजूंना भोकं आहेत. सळई त्यांतच अडकवतो. हा कव्हर ब्लॉक आहे. सळई फळीला टेकू नये म्हणून साइटवर खाली बांधतात."

आत्याने तो रुमालात गुंडाळला. "आता माणसं. दिवाळीत टाकीच्या खोलीत कोण गेलं होतं?"

निहारिका सुट्टीत मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेली होती. टाकीकडे बघायला तिने प्रभाकरकाकांना सांगितलं होतं. प्रभाकर दिघे, तिच्या बाबांचे जिवलग मित्र, पूल बांधण्यात हयात गेलेले निवृत्त इंजिनियर. कॉलेजात सल्लागार म्हणून येत. विक्रांत एकदा साइटवरच्या सळया उतरवायला आला होता. वॉचमनला विचारलं, तर त्याने आणखी एक नाव घेतलं.

"रुचिर सर भी आए थे ना. दो बार. झोला लेके."

निहारिका चमकली. रुचिर सरवटे तिच्याच प्रयोगशाळेत सळयांवर रंगाचा लेप देण्याचं संशोधन करत होता. तिची सळई हरली, तर समितीपुढे त्याचीच उरत होती.

"पण तो तर म्हणाला होता की दिवाळीभर तो उज्जैनमध्ये नव्हताच!"

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिर टावर चौकात पोह्याच्या गाडीपाशी भेटला. आत्याला बघून त्याने प्लेट खाली ठेवली.

"तू दिवाळीत टाकीच्या खोलीत गेला होतास," आत्या म्हणाली. "पिशवी घेऊन. खाऊन घे आधी, गार होतील."

त्याने खाल्लं नाही. निहारिकाकडे बघणं टाळत तो म्हणाला, "मी तुझ्या ठोकळ्यांना हात पण नाही लावला यार. माझे बाहेर काढले."

"तुझे? का?"

"रंग सुटला होता. सगळा. पापड सुटावा तसा." त्याने प्लेट आणखी दूर सरकवली. "तुझा निकाल चांगला येणार, माझा असा. सुमन मॅडमना काय तोंड दाखवणार? म्हटलं, चुपचाप काढून टाकू, सांगू की अजून वेळ लागेल. म्हणून झूठ बोललो."

"काढलेले ठोकळे कुठेत?"

"घरी. पलंगाखाली."

निहारिका संतापली होती. आत्याने पदराआडून रुमाल काढला आणि तो सिमेंटचा चौकोन त्याच्या प्लेटशेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

रुचिरने तो उलटसुलट केला. "पता नाही. फरशीचा तुकडा?"

परतताना आत्या म्हणाली, "हा नाही. हा साच्याच्या भोकांत सळई अडकवणारा आहे. त्याने आयुष्यात कव्हर ब्लॉक बांधलेला नाही, ओळखला पण नाही."

संध्याकाळी घरी प्रभाकरकाका आले. बागेतले पेरू घेऊन. त्यांचा चेहरा ओढलेला होता. निहारिकाच्या डोक्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

"अजून एक वर्ष घे, बेटा," ते म्हणाले. "पूल काय, दुसरे होतील. तुझं वय काय आहे!"

"काका, लोक मला खोटारडी म्हणतायत."

काकांनी खाली बघितलं. "ते... ते मी होऊ देणार नाही."

"प्रभाकर," आत्याने विचारलं, "तुला हिची पद्धत पसंत नव्हती ना? मागच्या मीटिंगमध्ये काहीतरी बोलला होतास म्हणे."

"पद्धत चांगली आहे, अलका. मी एवढंच म्हणालो की तपासणी सरळ सळईची झाली. पुलात सळई सरळ कुठे असते? सळया वाकवून चौकोनी रिंगा करतात. थर वाकवल्यावर टिकतो का, ते बघा. तर सगळे हसले. म्हणाले, सिंहस्थ तोंडावर आलाय, दिघेसाहेबांना प्रत्येक गोष्टीची भीती वाटते."

"मी पण हसले होते," निहारिका हळूच म्हणाली.

"तू लहान आहेस," काका म्हणाले. चहा न घेता ते उठले.

ते गेल्यावर आत्या पेरूंच्या पिशवीकडे बघत बसली. "उद्या साइटवर जाऊ," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह नव्हता.

५

नाल्याच्या काठावर पुलाच्या पायांचं काम चालू होतं. विक्रांतने दोघींना हेल्मेटं दिली आणि बोलायला सुरुवात केली ती थांबेचना.

"देखिए मॅडम, मैं साफ बोलता हूँ. निहारिकाजी की सळई मुझे नहीं चाहिए थी. आधी आम्लात घाला, मग धुवा, मग गरम टाकीत, मग सुकवा. माझं शेड्यूल बिघडतं. पण ठोकळे बदलायचे? मेरे पास टाइम किधर है?"

"खरंय," आत्या म्हणाली. ती फळ्यांवर अंथरलेल्या सळयांच्या जाळीकडे गेली. जाळीखाली जागोजागी प्लॅस्टिकची राखाडी चाकं लावली होती.

"हे कव्हर ब्लॉक?"

"हाँ जी. पेटी आती है, क्लिप करो, हो गया."

आत्याने रुमाल उलगडला. विक्रांत ते बघून हसला.

"अरे, ये तो म्यूज़ियम का माल है! सिमेंटचे, तारवाले. हे आता कोण करतो? माझ्या पहिल्या नोकरीत एक बुजुर्ग साहेब होते, ते हाताने करून घ्यायचे. बोलते थे, प्लास्टिक पर भरोसा नहीं."

निहारिकाने आत्याकडे पाहिलं. आत्या नाल्याच्या पाण्याकडे बघत होती.

दोघी गाडीने परत निघाल्या. नानाखेडाच्या बसस्टँडपाशी गाडी वाहतुकीत अडकली, तेव्हा निहारिका म्हणाली, "आत्या, मला कळतंय तू कुठे चाललीस. पण ते शक्य नाही."

"मी पण कालपासून तेच म्हणतेय स्वतःला," आत्या म्हणाली. "पण बघ ना. आत बांधलेला कव्हर ब्लॉक हा साइटवरच्या माणसाचा हात. रुचिर त्यातून बाद झाला. सिमेंटचा, तारेचा, हा जुन्या माणसाचा हात. विक्रांत बाद. आणि मीठ. सगळी फसवणूक मीठ कालवण्याने पक्की झाली असती, हे त्याला माहीत होतं. पण काँक्रीटमध्ये मीठ घालायला त्याचा हात धजावला नाही. खोट्या ठोकळ्यात सुद्धा नाही. आयुष्यभर ज्याने खाऱ्या पाण्याचे टँकर साइटवरून परत पाठवले, असा एकच माणूस मला माहीत आहे."

निहारिका खिडकीबाहेर बघू लागली.

"माझे ठोकळे त्यांनी फोडून टाकले असतील," ती म्हणाली.

"ते आता बघू," आत्या म्हणाली आणि तिने गाडी प्रभाकर दिघ्यांच्या कॉलनीकडे वळवली.

६

प्रभाकरकाकांनी दार उघडलं, दोघींचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता बाजूला झाले.

"मागे आहेत," ते म्हणाले. "या."

घरामागे पेरूच्या झाडाखाली एक मोठा प्लॅस्टिकचा टब होता, वर फळी ठेवलेली. काकांनी फळी उचलली. पाण्यात तीन ठोकळे होते. 'प्र' हे अक्षर निहारिकाच्या हाताचं होतं, शेपूट जरा लांब ओढलेलं. शेजारी एक चौथा ठोकळा होता, बिनअक्षराचा. टबाकडेला मिठाची पुडी होती आणि वजनकाटा.

"मीठ तू ठेवायचीस तेवढंच ठेवलंय," काका म्हणाले. "पाणी उडालं की भर घालतो. तुझी तपासणी मोडू दिली नाही."

"तपासणी मोडू दिली नाही?" निहारिकाचा आवाज चिरला. "काका, लोकांनी मला चोर ठरवलं! तुम्ही टाकीजवळ होतात म्हणून मी निश्चिंत लग्नात नाचत होते!"

काका पायरीवर बसले. म्हातारे दिसले एकदम.

"मी नोकरीला लागलो त्या दिवसांत एका गावात पूल केला होता," ते म्हणाले. "सळयांना लेप दिलेला. नवीन पद्धत होती, सगळे खूश. सरळ सळया आल्या, त्या साइटवर वाकवून रिंगा केल्या. वाकवताना कोपऱ्यावर लेपाला केसाएवढ्या चिरा पडल्या. कुणाला दिसल्या नाहीत. पाणी तेवढीच जागा शोधत आलं. पुढे एका उत्सवात कठडा निखळला. एका बाईचा पाय गेला. कमलाबाई. मी अजून दर वर्षी त्यांच्याकडे जातो. त्या चहा करून देतात, आणि मला तो पिता येत नाही."

काकांनी टबातल्या ठोकळ्यांकडे पाहिलं.

"इथे सिंहस्थात लाखो लोक येणार. मी मीटिंगमध्ये सांगितलं, हसले. लिहून दिलं, कुणी वाचलं नाही. म्हटलं, ही लॅबमध्ये हरली तर वर्षभर रडेल. पुलावर हरली तर..." त्यांनी निहारिकाकडे पाहिलं. "तुझ्या बाबाला मी काय सांगितलं असतं? फक्त तुझी एवढी बदनामी होईल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, म्हणतील अजून अभ्यास हवा. तुला खोटं म्हणतील असं खरंच वाटलं नव्हतं. परवापासून झोप नाही. सोमवारी समितीपुढे जाऊन मी स्वतः सांगणार होतो."

"सांगणारच आहेस," आत्या म्हणाली. "मी बरोबर येईन. पण प्रभाकर, हा चौथा ठोकळा कसला?"

"तो माझा," काका म्हणाले. "निहारिकाच्या उरलेल्या सळईची मी रिंग वाकवली आणि हिने ठोकळे घातले तेव्हाच काँक्रीटमध्ये घातली. वर्षभर होईल आता. आत काय आहे मला ठाऊक नाही. फोडायची हिंमत झाली नाही."

निहारिकाने डोळे पुसले आणि बाह्या वर सारल्या.

"माझी होईल," ती म्हणाली. "गाडीत ठेवा चारही."

७

सोमवारी यंत्राभोवती सगळे जमले. सुमन मॅडम, विक्रांत, समितीचे दोघे जण. रुचिरही आला होता, स्वतःचे ठोकळे पिशवीत घेऊन. काकांनी आधी उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मागितलं नाही. सांगून झाल्यावर ते दाराशी जाऊन उभे राहिले.

पहिला ठोकळा उकलला. सळई राखाडी होती, जशी निहारिकाने घातली होती तशी. आत्याने फवारा मारला. सळईपर्यंत सगळं पांढरं झालं. मीठ तिथवर पोचलं होतं आणि तिथे अडकलं होतं.

दुसरा. राखाडी. तिसरा. राखाडी, फक्त एका टोकाला तांदळाएवढा ठिपका.

समितीतल्या एकाने टाळी वाजवली. निहारिकाने हात वर करून त्याला थांबवलं.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

चौथा ठोकळा यंत्रात गेला. तो मधोमध उकलला. आतली रिंग चौकोनी होती. तिच्या चारही बाजू स्वच्छ राखाडी होत्या. चारही कोपरे काळे-हिरवे. निहारिका वाकून बघत असतानाच ते हळूहळू तांबूस व्हायला लागले.

विक्रांतने डोक्यावरून हात फिरवला. "बाप रे. मी तर पुढच्या हफ्त्यात रिंगा वाकवायला घेणार होतो."

सुमन मॅडम निहारिकाजवळ आल्या. "मी त्या दिवशी जे म्हणाले, आणि जे म्हणायचं ठेवलं, दोन्हीबद्दल माफी मागते. सगळ्यांसमोर." मग रिंगेकडे बघून त्यांनी विचारलं, "आता काय करायचं? पद्धत सोडून द्यायची?"

"नाही मॅडम." निहारिकाने रिंग हातात घेतली होती. "सरळ भागावर थर टिकलाय. वाकवताना तो चिरतो, एवढंच. मग आधी वाकवायचं आणि नंतर बुडवायचं. टाकी मोठी लागेल, रिंग तिरपी ठेवायला जाळी लागेल. रुचिर, तुझा रंग सुटला ना, त्याच्याखाली माझा फॉस्फेटचा थर दिला तर धरेल का, ते पण बघायला हवं."

रुचिरने पिशवी टेबलावर ठेवली. "हे माझे. सुटलेले. बघायचेच आहेत तर सगळेच बघू या," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

समितीने पुलाच्या पायांचं काम चालू ठेवलं. वरच्या भागासाठी निहारिकाला वाकवलेल्या सळयांची तपासणी करायला वेळ दिला. प्रभाकरकाकांना कॉलेजचं सल्लागारपद सोडावं लागलं. त्यांनी तक्रार केली नाही.

संक्रांतीनंतर साइटवर या तपासणीसाठी नवी टाकी आली, हातभर खोल, लांबलचक. विक्रांत शेड्यूलच्या नावाने कटकट करत होता आणि टाकीचा पाया स्वतः पाणसळ लावून तपासत होता. आम्लात धुतलेल्या रिंगांची पहिली चळत तयार होती. निहारिका एकेक रिंग हातात घेऊन कोपरे बघत होती, तेव्हा तिला फाटकापाशी प्रभाकरकाका दिसले. ते आत येत नव्हते. नुसते उभे होते, हात मागे बांधून.

ती बराच वेळ काम करत राहिली. मग तिने एक रिंग उचलली आणि फाटकापाशी गेली.

"मी अजून माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे, बेटा."

"आत्या म्हणते, त्याला वेळ लागेल, आणि लागू दे." तिने रिंग त्यांच्यापुढे धरली. "पण हा कोपरा जरा जास्त दाबून वाकवलाय असं मला वाटतंय. विक्रांत म्हणतो ठीक आहे. मला खात्री नाही."

काकांनी रिंग घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, कोपरा डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने चाचपला. मग मान हलवली.

"ही परत पाठव," ते म्हणाले. "वाकवायची खुंटी बारीक घेतलीय. जाड खुंटी घ्यायला सांग."

निहारिकाने फाटक उघडलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आत या."